पहिली दोरी

वॅट मेअर बुधवारी सकाळी गेला आणि त्याच्या दोऱ्यांची यादी शुक्रवारी दुपारी सापडली. सगळे ती बायबलात शोधत होते. ती होती खुणांच्या वहीच्या शेवटच्या पानावर. कुठल्या कड्याच्या रेषेत कुठला मनोरा आला की जाळं सोडायचं, हे वॅटने चाळीस वर्षं त्या वहीत टिपलं होतं.

गेडिस सुतार स्वयंपाकघरात टोपी मांडीवर घेऊन बसला होता. पोर्टेरिन या कोळ्यांच्या गावातल्या शवपेट्या तोच करायचा. पेटी खड्ड्यात उतरवताना कुणी कुठली दोरी धरायची याची कार्डंही तोच लिहायचा. दोऱ्या आठ. पहिली डोक्याशी, दुसरी पायाशी, बाकीच्या सहा दोन्ही बाजूंना. दफनभूमीत गेडिस एकेक आकडा आणि त्यापुढचं नाव पुकारायचा आणि तो तो माणूस पुढे व्हायचा.

"वाच," एप्पी म्हणाली. एप्पी ही वॅटची थोरली बहीण. बुधवारपासून ती या घरात होती आणि तेव्हापासून चहाची किटली दुसऱ्या कुणाच्या हाती लागली नव्हती.

वॅटची बायको इझाबेल हिने चष्मा लावला. "दुसरी, गिल्बर्ट. तिसरी, एप्पीचा मुलगा ॲलन. चौथी..."

"पहिलीपासून वाच की. दुसरीपासून काय सुरू करतेस?"

"पहिलीपुढे नाव नाही."

"नाव नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. काहीतरी रेघ मारलीय."

गेडिसने वही हातात घेतली, उजेडाकडे धरली. "पेन चालतंय का बघितलं असेल," तो म्हणाला. "आजारी माणूस. हात थरथरत असणार."

"आणि गिब दुसरा?" एप्पीने किटली खाली ठेवली. "थोरल्या मुलाला पायाशी उभं करतात होय कुठे? गेडिस, चूक झालीय त्याची. पहिली गिबची. लिहा तुम्ही."

गिब, म्हणजे थोरला गिल्बर्ट, खिडकीपाशी उभा होता. अडतीस वर्षांचा, बापासारखाच रुंद खांद्यांचा, अकरा वर्षं 'गुड इंटेंट' या बोटीचा कप्तान. त्याने गेडिसच्या हातून वही घेतली. पान पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं. मग वही मिटून स्वेटरच्या आत सरकवली.

"काय ते?" आईने विचारलं.

"काही नाही. सोमवारी बोटीवर लागेल वही."

इझाबेलने चष्मा काढला. तिला जे बोलायचं होतं ते तिने सकाळीच ठरवलं होतं, ग्रीनकहून तार आली तेव्हा. तारेत एवढंच होतं: शनिवारी सकाळच्या बसने येतो. खाली एकच अक्षर, आर.

"मिस्टर गेडिस, पहिली, तिसरी, आठवी, कुठलीही द्या. पण माझ्या धाकट्याला दोरी हवी. कार्डावर त्याचं नाव हवं. आणि पुकारताना ते नाव पुकारायचं."

गेडिसचा हात आपसूक टेबलाखाली गेला. त्याच्या कोटाच्या खिशात किल्ल्या होत्या. त्या वाजल्या.

"बघा," इझाबेल म्हणाली, "मी अजून नाव घेतलंही नाही."

गावात मेअर आडनावाची एकवीस घरं होती आणि त्यांच्यात पुरुषांची नावं जेमतेम सहा. म्हणून प्रत्येक घराला एक वरचं नाव असे. हे लँटर्न मेअर. वॅटच्या आजोबाने कधीतरी धक्क्यावर कंदील विसरला होता, तो चार पिढ्यांना चिकटला. अशा गावात इझाबेल पलीकडच्या किनाऱ्यावरून लग्न करून आली, ती रॉस हे आडनाव घेऊन. आडनाव लग्नात गळून पडलं तेव्हा गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. पोर्टेरिनच्या कोळ्यांमध्ये ते नाव उच्चारायचं नसे. का, ते कुणालाच सांगता येत नसे. धर्मगुरूला बोटीवर 'काळा डगला' म्हणायचं, रावस माशाला 'लाल मासा' म्हणायचं, आणि हे नाव तर घ्यायचंच नाही. चुकून कानावर पडलंच तर 'थंड लोखंड' म्हणून लोखंडाला हात लावायचा. रॉस आडनावाचा एक फिरता व्यापारी होता. त्याला सगळे 'तो टोपलीवाला' म्हणत.

इझाबेलचे दोन्ही भाऊ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मेले. वडील टार्बटच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्यामागे त्यांचं आडनाव चालवणारं कुणी राहिलं नाही. १९२२ साली तिला दुसरा मुलगा झाला. दुसऱ्या मुलाच्या नावावर आईच्या माहेरचा हक्क, हे गावही मानत होतं. मात्र सगळ्यांची समजूत होती की ती वडिलांचं पहिलं नाव देईल. तिने आडनाव दिलं. पलीकडच्या किनाऱ्यावर तशी रीतच होती. माहेरचं आडनाव संपत असेल तर ते मुलाच्या नावात ठेवायचं. वॅट बाप्तिस्म्याला उभा राहिला, मान हलवली आणि घरी येताना फाटकाच्या कडीला हात लावला. तिने नाव ठेवलं, गावाने नावं ठेवली. घरात मुलाला सगळे धाकटा म्हणू लागले, मग धाकल्या. तिने पंधरा वर्षं एकटीने त्याला नावाने हाक मारली. पुढे तिनेही सोडलं.

"इझाबेल," गेडिस हळू आवाजात म्हणाला, "सोमवारी सात बोटी निघतात. त्यातल्या दोन माझ्या मेव्हण्यांच्या. मी ते नाव दफनाच्या वेळी मोठ्याने घेतलं आणि काही झालं, तर पुढच्या पेट्या मीच करायच्या ना?"

"धंदा वाढेल तुमचा."

"पेट्या तरी कुठे लागतात," गेडिस म्हणाला. "समुद्र माणूस परत देतो थोडाच." आणि मग समोर एप्पी बसलीय, तिचा नवरा समुद्रानेच ठेवून घेतलाय, हे आठवून त्याने मांडीवरची टोपी उलटी केली.

एप्पीने टेबलावर सांडलेले ओटच्या बिस्किटाचे कण एका बोटाने गोळा केले. "माझ्या सँडीला दोरी धरायला आठ माणसं तयार होती," ती म्हणाली. "पेटी नव्हती. का नव्हती, ते सगळ्यांना माहीत आहे."

"एप्पी, माझं पोर पंधरा वर्षांचं होतं."

"सँडी एकेचाळीसचा."

गेडिस उठला. "मी 'धाकटा मेअर' लिहितो. कुणाला वाईट वाटणार नाही."

"मला वाटेल," इझाबेल म्हणाली. गेडिसने टोपी घातली. दारापर्यंत त्याला सोडायला कुणीच गेलं नाही.

*

गिब जाळी ठेवायच्या माडीवर गेला तेव्हा साडेचार वाजले होते आणि मार्चचा उजेड अजून बराच होता. त्याने वही काढली. त्याला खात्री करायची गरज नव्हती, तरी त्याने केली.

शेवटच्या पानावरची रेघ पेन चालतंय का बघायला मारलेली नव्हती. आडवी रेघ, उजवीकडे खाली वाकलेली, आणि अगदी टोकावर एक उभी काडी. ही खूण गिब रोज वापरत होता. समुद्रावरून वायव्येला पाहिलं की पलीकडच्या किनाऱ्याची जमीन अशीच दिसते. लांब सपाट पाठ, मग उतार, आणि टोकावर टार्बट नेसचा दीपस्तंभ. वॅटच्या वहीत बाकीच्या सगळ्या खुणा शब्दांत होत्या. चर्चचा मनोरा. लाल कडा. मॅकीच्या कोठाराचं छप्पर. हे एकच टोक चित्रात.

गिबने बोटीचा ताबा घेतला त्या वर्षी त्याने विचारलं होतं, "हे काय?"

"टोक."

"कुठलं? नाव काय त्याचं?"

"टोक म्हटलं ना," वॅट म्हणाला होता.

आता गिब उलटीकडून पानं चाळत गेला. १९५०. १९४६. युद्धाची वर्षं रिकामी. १९३८. खूण पहिल्यांदा दिसली ती ऑक्टोबर १९३७च्या पानावर. त्याआधीच्या पानांत त्याच जागी बाबांनी शब्द लिहिले होते, 'पलीकडचं टोक'. सँडी सप्टेंबरात बुडाला. धाकट्याला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ग्रीनकच्या गोदीत कामाला पाठवलं.

आईने दोघांनाही लहानपणी बंदराच्या भिंतीवर बसवून सांगितलं होतं, ते गिबला शब्दन् शब्द आठवत होतं. तिची आजी गेलिक बोलायची. तिच्या भाषेत रोस म्हणजे समुद्रात पुढे गेलेलं जमिनीचं टोक. काहीजण म्हणतात, रोस म्हणजे रान. टार्बटचे मास्तर आधी दोन्ही अर्थ फळ्यावर लिहायचे आणि मग रान पुसून टाकायचे. "तुमचे बाबा ज्याच्याकडे बघून घरी येतात ना," आई म्हणाली होती, "ते म्हणजे ह्याचं नाव."

तेव्हा गिब सात वर्षांचा होता. त्याने आधी आईकडे आणि मग पाण्यापलीकडे पाहिलं होतं आणि त्याला भावाचा हेवा वाटला होता.

१९३७च्या त्या दिवसाबद्दल गाव जे सांगत असे ते खरं होतं, फक्त पुरं नव्हतं. जाळी सोडायच्या तासभर आधी दुसऱ्या गावची एक बोट हाकेच्या अंतरावरून गेली. तिच्या कप्तानाने ओरडून विचारलं, "नवा पोरगा कोण रे?" धाकटा पहिल्यांदाच हंगामाला आला होता. नाव विचारलं की पुरं सांगायचं, अशी आईची शिकवण होती. तरी तो गप्प होता. बोटीवर ते चालत नाही, हे त्याला माहीत होतं. अठरा वर्षांच्या गिबने त्याला कोपराने ढोसलं. "सांग की. पुरं सांग. जोरात."

त्याला मजा बघायची होती. दोन बोटींवरची अठरा माणसं एकदम लोखंडाकडे धावतात ही मजा. ती त्याला बघायला मिळाली. तो हसलाही. चाळीस मिनिटांनी जाळ्याच्या दोराच्या वेढ्यात सँडीचा पाय अडकला.

खलाशांनी पोराला बोटीवर घ्यायला नकार दिला. बाबा काही बोलले नाहीत. आई काही बोलली नाही. ती त्याची ट्रंक भरत होती तेव्हा गिब दारात उभा होता. तेव्हा सांगायला हवं होतं. त्यानंतर वीस वर्षं दर वर्षी ते सांगणं आणखी थोडं अवघड होत गेलं.

त्याने वही मिटली. सोमवारी पहाटे सगळ्यात आधी 'गुड इंटेंट' निघणार होती.

*

ग्रीनकमध्ये सगळे त्याला रॉस म्हणत. बायको नेटी, गोदीतला मुकादम, खालच्या मजल्यावरची म्हातारी, सगळे. तिथे ते एक साधं, जरा रुबाबदार नाव होतं. अर्धा डझन माणसांची तरी नावं तशीच होती, कुणाच्या तरी आईच्या माहेरची. मात्र पोर्टेरिनची बस शेवटचा चढ चढून उताराला लागली आणि बंदर दिसलं की त्याला वाटायचं, नाव वरच थांबलं, आपण एकटेच खाली चाललोय. वीस वर्षांत तो तीनदा आला होता. तिन्ही वेळा बाबांनी धक्क्यावर हात मिळवला होता आणि म्हटलं होतं, "आलास?" तिन्ही वेळा तो 'हो' म्हणाला होता.

दारात आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आलास," ती म्हणाली. पुढे काहीतरी यायचं होतं, ते आलं नाही. "नेटी? मुली?"

"धाकटीला गोवर निघालाय. नाहीतर सगळे आलो असतो."

आतल्या टेबलावर एप्पी डुकराच्या मांसाचे काप ब्रेडवर लावत होती.

"जाड झालास," ती म्हणाली.

"तूही झालीस, आत्या."

"माझं वय झालं. तुझं काय कारण?"

"नेटीचं सूप."

"हं," एप्पी म्हणाली. सुरी चालत राहिली. दोघांमधलं नेहमीचं बोलणं एवढंच असायचं आणि ते संपलं होतं.

बाबा पुढच्या खोलीत होते. पडदे ओढलेले, आरशावर चादर. रॉस पाच मिनिटं आत उभा राहिला. बाहेर आला तेव्हा गेडिस आला होता आणि टेबलावर, ब्रेडच्या शेजारी, काळ्या किनारीची आठ कार्डं ओळीने मांडत होता. पहिलं, गिल्बर्ट मेअर. दुसरं, ॲलन. तिसऱ्यावर लिहिलं होतं, 'धाकटा मेअर'.

इझाबेलने ते तिसरं कार्ड उचललं, चुलीचं झाकण आकड्याने सरकवलं आणि आत टाकलं.

"आई," रॉस म्हणाला, "जाऊ दे. मला चालेल."

"तुला चालतं, माहीत आहे. तुला वीस वर्षं चाललं. मला विचार ना, मला काय चाललं ते." तिचा आवाज चढला नव्हता. "तुझी ट्रंक मी भरली. कुणी सांगितलं नव्हतं मला. गावाने म्हणायच्या आधी मीच म्हटलं, जाऊ दे त्याला. आणि पहिल्या पत्रात मी वर काय लिहिलं? 'प्रिय मुला.' नाव लिहायला घेतलं आणि वाटलं, गिब समुद्रावर आहे, कशाला. मी, मास्तरांची मुलगी. मी कधी लोखंडाला हात लावला नाही, एकदाही नाही, मोठी ऐट होती मला त्याची. नाव घेतलंच नाही तर हात कशाला लावायला लागतो?"

एप्पी सुरी धरून थांबली होती. गेडिस कार्डांकडे बघत होता.

गिब मागच्या दाराने आत आला तो वही हातात घेऊनच. त्याने ती कार्डांवर उघडी ठेवली, शेवटच्या पानावर, आणि शेजारी बोट घालून ऑक्टोबर १९३७चं पान धरलं.

"ही रेघ नाही," तो म्हणाला. "टोक आहे. पलीकडचं. बाबांनी नाव लिहिलंय. पहिली दोरी कुणाची ते लिहिलंय."

बराच वेळ कुणाला कळलं नाही. मग इझाबेलला कळलं. ती खुर्चीत बसली.

"तुला काल माहीत होतं," ती गिबला म्हणाली.

"होतं."

एप्पीने हात पुसले, वही ओढून घेतली, एक पान पाहिलं, मग दुसरं. "चित्र काढलं," ती म्हणाली. "माझ्या भावाला चार अक्षरं लिहिता आली नाहीत, त्याने चित्र काढलं."

"वीस वर्षं, बोट धक्क्याला असली की ही वही त्या फळीवर असायची," इझाबेल म्हणाली. "मी धूळ पुसायची तिच्यावरची. एकदा उघडून दाखवली असती मला. एकदा." तिने वहीला हात लावला नाही.

रॉस वाकून खूण बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. "टोक जरा जास्तच लांब काढलंय," तो शेवटी म्हणाला.

"मी पुकारणार नाही," गेडिस घाईने म्हणाला. "कार्ड लिहितो. पहिलं कार्ड नव्याने लिहितो, चला. पण पुकारायचं मला सांगू नका."

"मी पुकारतो," गिब म्हणाला.

एप्पीने मान वर केली. "सोमवारी पहिली बोट तुझी आहे."

"माहीत आहे."

"मग माझा ॲलन तुझ्याबरोबर येणार नाही. कधीच येणार नाही. दुसरा मेट बघ."

ॲलन नऊ वर्षं गिबच्या बोटीवर मेट, कप्तानाच्या खालोखालचा माणूस, होता. गिबने टेबलावरची वही मिटली. "बरं," तो म्हणाला.

*

बायका दफनभूमीत जात नसत. दीड वाजता काळ्या डगल्याने पुढच्या खोलीत प्रार्थना म्हटली, मग पुरुषांनी पेटी उचलली. चढावर आठ-आठ जण आळीपाळीने खांदा देत होते. पाळी संपली तसे दोघे भाऊ मागे आले आणि शेजारी चालू लागले.

"त्या दिवशी," गिब म्हणाला, "बोटीवर. मी तुला कोपर मारलं होतं."

"हो."

"मी सांगितलं, जोरात सांग."

"माहीत आहे मला. कोपर माझ्याच बरगडीत बसलं होतं."

गिब थांबला, मागचे लोक येताना दिसले म्हणून पुन्हा चालू लागला. "मग कधी बोलला का नाहीस?"

"बाबा ओळखतील असं वाटलं. आधी एक वर्ष वाटलं, मग दुसरं." रॉस म्हणाला, "नंतर तुला तीन पोरं झाली, बोट झाली. मग सांगून काय मिळणार होतं?"

"मी आज एप्पी आत्याला सांगतो."

"नको."

"सांगायला हवं."

"तिला आता एकसष्ट वर्षं झाली, गिब. वीस वर्षं तिने माझ्यावर राग धरून काढली. तो काढून घेतलास तर तिच्याजवळ नुसता सँडी काका उरेल." तो पुढे म्हणाला, "तुला हलकं वाटावं म्हणून तिला नको सांगूस."

वर वारा नैर्ऋत्येचा होता, थंड, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा. सुमारे साठ पुरुष होते. त्यातले चाळीस तरी सोमवारी समुद्रावर जाणारे. पेटी दोन आडव्या फळ्यांवर ठेवली होती. गेडिसने आठ दोऱ्या सोडल्या, गोंडे नीट केले आणि तो मागे सरकला. लोकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने गिबकडे पाहिलं.

गिब पायाशी जाऊन उभा राहिला. त्याने आपली दुसरी दोरी आधीच उचलली आणि तिचा एक वेढा उजव्या हाताला दिला, एक डाव्या हाताला. मग मान वर केली.

"पहिली," तो म्हणाला. आवाज समुद्रावरचा होता, हवा होता त्यापेक्षा मोठा. "रॉस मेअर."

आधी काहीच झालं नाही. मग साठ माणसांच्या खिशांतून आवाज आला. किल्ल्या, चाकू, खिळे, कुणाच्या तंबाखूच्या डबीचं झाकण. ज्यांच्याजवळ काही नव्हतं ते कुंपणाच्या गजांकडे दोन पावलं सरकले. कुणी हसलं नाही. ॲलन मेअर कुंपणापाशीच उभा होता. त्याने गज धरला आणि तो जमिनीकडे बघत राहिला.

रॉसने पावलं उचलली नाहीत. ग्रीनकमध्ये कुणी पाठीमागून हाक मारली की तो लगेच वळायचा. इथे त्याला क्षणभर वाटलं, त्या नावाचा दुसरा कुणीतरी आहे, तो पुढे होईल.

"रॉस," गिब पुन्हा म्हणाला, या वेळी फक्त त्याला ऐकू जाईल एवढंच.

तो डोक्याशी गेला. दोरी उचलली. पेटीच्या लांबीवरून त्याला भाऊ दिसत होता. गिबच्या दोन्ही हातांना दोरीचे वेढे होते आणि साठ माणसांत तोच एकटा असा होता, ज्याचा हात लोखंडाला लागला नव्हता.

बाकीची नावं गेडिसने पुकारली. पेटी सरळ खाली गेली. वॅट मेअरला काही ऐकू जाण्याची वेळ तीन दिवसांपूर्वी टळली होती, आणि हे दोघांच्याही एकाच वेळी मनात आलं असावं, कारण दोरी सोडायला दोघांनीही उशीर केला.

*

दफनभूमी लांब, चढाच्या माथ्यावर असल्यामुळे घरात काही ऐकू आलं नव्हतं. इझाबेल खिडकीपाशी बसून होती. पुरुष परत आले, व्हिस्कीचे छोटे पेले फिरले, ब्रेड आणि मांसाचे काप संपले. गिब तिच्या खुर्चीपाशी आला.

"घेतलं?"

"घेतलं."

"मोठ्याने?"

"दोनदा घेतलं."

"कसं घेतलंस?" तिने विचारलं. गिबने तोंड उघडलं. आत अकरा खलाशी होते, त्याच्या स्वतःच्या बोटीवरचे. त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो पेले भरायला गेला.

बस चार चाळीसला होती. एप्पीने उरलेले काप कागदात बांधले आणि पुडकं रॉसच्या हातात दिलं, त्याच्याकडे न बघता. "पोरींसाठी. गोवर झालेलीला नको देऊ." ॲलन आधीच निघून गेला होता. तो गिबशी एक शब्दही बोलला नव्हता.

फाटकापाशी रॉसने आईला मिठी मारली. म्हणाला, उन्हाळ्यात सगळ्यांना घेऊन येईन. तिने मान हलवली. तो रस्ता उतरून बसथांब्याकडे चालू लागला. तिने त्याला बसपर्यंत जाऊ दिलं. बस आली, वाहकाने दार उघडलं, त्याने एक पाय पायरीवर ठेवला. तेव्हा तिने हाक मारली. वीस वर्षांत पहिल्यांदा, भर रस्त्यात, शेजारच्या सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल अशी.

"रॉस!"

तो वळला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्यावरून त्याची नजर खाली गेली आणि जरा वेळ तिथेच राहिली. मग त्याने हात केला आणि तो आत चढला.

बस निघाल्यावर तिनेही खाली पाहिलं. तिचा डावा हात फाटकाच्या कडीवर होता. लोखंड थंड होतं. हात तिथे कधी गेला ते तिला आठवेना. तिला तो काढून घ्यायचा होता. पण ग्रीनक एकशे ऐंशी मैल दूर होतं आणि पोरगा अजून वाटेत होता. बस चढ चढून पलीकडे दिसेनाशी झाली तरी तिने कडी सोडली नाही.